उधारी, वसुली आणि वर्षाची चटणी

प्रश्न असा आहे: ‘मी २३ वर्षांचा आहे. एका होलसेल दुकानात कमी पगारावर काम करतो. दोन-तीन वर्षांत स्वतःचा छोटा धंदा सुरू करायचा विचार आहे. सुरुवातीच्या नोकऱ्या आणि छोट्या धंद्यातून तुम्ही काय शिकलात?’

होलसेल दुकानात आहात म्हणजे जागा चांगली आहे. पगार कमी आहे तो कमीच आहे, त्याचं मी कौतुक करणार नाही. पण माल विकणं हे एक काम आणि त्याचे पैसे हातात येणं हे दुसरं, हे अशा दुकानात जितकं लख्ख दिसतं तितकं कुठे दिसत नाही. या दोन्हींच्या मधे जे दिवस जातात त्यांचा खर्च कुणीतरी सोसत असतो. छोटा धंदा चालणार की बसणार हे बहुतेक वेळा तो ‘कुणीतरी’ कोण आहे यावर ठरतं. मी जे शिकलो ते सगळं याच्याच आसपासचं आहे.

माझी पहिली नोकरी सांगलीत, गणपती पेठेतल्या एका किराणा होलसेल दुकानात. चिठ्ठीप्रमाणे माल काढायचा, हमालांकडून टेम्पो भरून घ्यायचा, संध्याकाळी हिशोब लिहिणाऱ्या दिवाणजींसोबत रोजमेळ, म्हणजे दिवसाचा जमाखर्च, जुळवायचा. गिऱ्हाईक म्हणजे खेड्यापाड्यातले दुकानदार. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, जत, इकडे शिरोळ. बहुतेक माल उधारीवर. ‘आज रोख उद्या उधार’ ही पाटी शेठनी कधी लावली नाही. होलसेलमधे ती लावली तर आठवड्यात सगळी गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात.

आधी वाटायचं, शेठ माणूस बघून उधारी देतात. हळूहळू कळलं की ते गावाचं पीक बघतात. तासगावचा पट्टा द्राक्षांचा. तिथे पैसा साधारण फेब्रुवारी ते एप्रिल फिरतो, बेदाणा टाकला असेल तर सौदे होतील तसा आणखी पुढे. तिथल्या दुकानदाराला नोव्हेंबरात तगादा लावून काय मिळणार? त्याचं गिऱ्हाईक तेव्हा औषधफवारणीच्या खर्चात बुडालेलं असतं. कृष्णाकाठी ऊस. कायदा म्हणतो ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्या, पण सगळीकडे ते तसंच होतं असं नाही. कुठल्या भागात बिलं जमा झाली ही खबर शेठना पेपरच्या आधी असायची आणि दुसऱ्या दिवशी आमचा वसुलीचा माणूस त्या रस्त्याला. जतच्या पूर्व भागात पाऊस झाला नाही की त्या वर्षी तिथली उधारीची मर्यादा निम्मी, मग दुकानदार कितीही सज्जन असो. सज्जन माणसाच्या गल्ल्यातही पैसा गिऱ्हाइकाकडूनच यायचा असतो.

पुढे मला वसुलीला पाठवायला लागले. तिथे दिवाणजींनी दिलेली एक सूचना अजून वापरतो: दुकानात शिरलं की आधी फळीकडे बघ. आपला माल फळीवर तसाच पडलाय आणि पैसे नाहीत, तर धंदा मंद आहे. थोडा माल परत उचल, पुढचा कमी दे, माणूस सांभाळ. माल संपलाय आणि तरी पैसे नाहीत, तर ते दुसरीकडे गेलेत. बोअर मारली असेल, पोरीचं लग्न निघालं असेल, गुंठाभर जागा घेतली असेल. यात लबाडी असतेच असं नाही, पण तुमच्या पैशावर त्याचं घर चाललंय एवढं नक्की. अशा ठिकाणी नवीन माल थांबवायचा आणि प्रत्येक फेरीला थोडे का होईना, पण घ्यायचेच. पाचशे रुपये हातावर ठेवणारा दुकानदार मला ‘पुढच्या आठवड्यात सगळे एकदम देतो’ म्हणणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा वाटतो.

२०१९ च्या ऑगस्टमधे महापूर आला तेव्हा मी ती नोकरी सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी पेठेत पाणी शिरणार म्हटल्यावर हात लावायला गेलो. शेठनी माळ्यावर आधी काय चढवलं, तर उधारीच्या वह्या आणि कॉम्प्युटर. साखरेची पोती नंतर. साखर भिजली तर तेवढीच साखर जाते, वही गेली तर पाच तालुक्यांतलं येणं जातं, असा त्यांचा सरळ हिशोब. (स्टॉकचा विमाही होता. तुम्ही धंदा काढाल तेव्हा नदीकाठच्या दुकानाच्या पॉलिसीत पुराचं नुकसान धरलंय का, हे एजंटच्या तोंडून न ऐकता कागदावर वाचा.)

दुसरी नोकरी एका डिस्ट्रिब्युटरकडे, सेल्समनची. साबण, बिस्किटं, चहा. रोज ठरलेला बीट, म्हणजे दुकानांचा रस्ता, दुकानागणिक ऑर्डर, महिन्याचं टार्गेट. इथे ‘प्रायमरी’ आणि ‘सेकंडरी’ हे शब्द दिवसाला शंभर वेळा कानावर पडत. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला माल दिला की प्रायमरी, डिस्ट्रिब्युटरने दुकानदाराला दिला की सेकंडरी. दोन्ही आकडे दर महिन्याच्या शेवटी जोरात वाढायचे, कारण २५ तारखेनंतर स्कीम लावून माल ढकलला जायचा. दहा बॉक्सवर एक फुकट. दुकानदार घ्यायचा, आमचं टार्गेट व्हायचं, आणि दोन-तीन महिन्यांनी तीच बिस्किटं मुदत संपली म्हणून परत. बाईने पुडा घेऊन गल्ल्यावर पैसे ठेवले, ही खरी विक्री. तिला मात्र कुठल्याच रिपोर्टात जागा नव्हती. नोकरी म्हणून ते काम वाईट नव्हतं. बोलायला शिकलो, नकार ऐकायला शिकलो, एकेका तालुक्यातली दुकानं तोंडपाठ झाली. पण टार्गेट पूर्ण झालं म्हणून धंदा झाला, हे समीकरण तिथेच डोक्यातून गेलं.

मग स्वतःचं. कांदा-लसूण मसाला, म्हणजे आमच्याकडची वर्षाची चटणी. आईच्या हाताला चव आहे असं सगळे म्हणत, आणि असं ज्या घरात म्हणतात तिथे कधी ना कधी हा धंदा निघतोच.

यात सगळ्यात मोठा खर्च मिरचीचा, आणि ती घ्यायची उन्हाळ्याच्या तोंडाला, नवीन माल बाजारात असताना. ब्याडगी रंगासाठी, तिखटपणासाठी गुंटूर किंवा लवंगी, आणि परवडली तर संकेश्वरी. भाव ज्या किलोला देता तो किलो तुमच्या हातात राहत नाही. देठ खुडले, उन्हं दिली की वजन उतरतं. कांदा तळताना तर किती उतरतो ते बघून पहिल्यांदा माणूस दचकतो. खोबरं, धने, तीळ, तेल, मग डंकावर कुटायची मजुरी, पिशव्या, लेबल. हे सगळं मांडल्यावरही आमचा मसाला बाजारापेक्षा स्वस्त दिसायचा. कारण सोपं होतं: आईची आणि मावशीची मजुरी हिशोबात शून्य. मिरच्यांचे देठ खुडायला दोघी दिवसदिवस बसायच्या, हाताची आग रात्रभर. शेजारच्या बचत गटात त्याच कामाला बायकांना दिवसाचा रोज मिळत होता. तोच रोज आमच्या वहीत लिहिल्यावर किलोची किंमत चांगलीच वर गेली आणि ‘घरगुती म्हणून स्वस्त’ हे आमचं पालुपद बंद पडलं. मला विचाराल तर निम्मे घरगुती धंदे नफ्यात दिसतात ते घरातल्या बाईला कुणी पगार देत नाही म्हणून.

नातेवाईक पहिल्या वर्षी कौतुकाने घेतात. त्यावरून काहीही ठरवू नका, दुसऱ्या वर्षी कोण आपणहून फोन करतो ते मोजा.

नंतर एका सुपरमार्केटने माल मागितला. फळीवर जागा, ६० दिवसांनी पैसे, न खपलेला माल परत. ऐकायला मोठं वाटतं. आकडे मांडून बघा: समजा किलोला खर्च ३२० रुपये, त्यांना भाव ४००, महिन्याला १०० किलो. नफा महिन्याला ८,००० रुपये. पण पहिला पैसा यायच्या आत दोन महिन्यांचा माल गेलेला असतो, म्हणजे ६४,००० रुपये त्यांच्या फळीवर अडकले. आठ महिन्यांचा नफा नुसता तिथे बसून. आणि मिरची तर आपण वर्षाची आधीच घेऊन ठेवलेली. हे पैसे घरात असतील तर ठीक, नसतील तर व्याजाने आणायचे. सुपरमार्केटला बिनव्याजी भांडवल पुरवायचं आणि बँकेला व्याज आपण द्यायचं, यात आपला धंदा नेमका कुठला? दोन महिने माल देऊन बघितला, पैसे ६० दिवसांच्या पुढे जायला लागल्यावर थांबवला.

इथे एक कामाची माहिती. तुम्ही स्वतः काही बनवत असाल किंवा सेवा देत असाल तर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. ती ऑनलाइन आणि फुकट आहे, पैसे मागणारा भेटला तर दुसरीकडे जा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. २०२३-२४ पासून आयकरातही तरतूद आली की या मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीत धरता येत नाही. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला या ४५ दिवसांचा फायदा मिळत नाही, हे लक्षात असू द्या.

तक्रारीसाठी सरकारचं ऑनलाइन पोर्टल आहे. पण खरं सांगतो, तक्रार केली की ते गिऱ्हाईक गेलं असंच धरून चाला. मला नोंदणीचा उपयोग वेगळाच झाला. बिलावर उद्यम नंबर छापला, तेव्हापासून मोठ्या खरेदीदारांचे अकाउंटवाले मार्च जवळ आला की आपणहून फोन करायला लागले. त्यांचा कर अडकतो ना.

आता तुमचं. दुकानात वसुलीला कोण जातं? जमलं तर ते काम मागून घ्या, त्यासाठी पगारवाढ मागू नका. दिवाणजी असतील तर संध्याकाळी अर्धा तास त्यांच्याजवळ बसा आणि कुणाचं येणं किती दिवसांचं जुनं आहे ते बघा. नव्वद दिवसांच्या वरची नावं कोणती, आणि तरीही शेठ त्यातल्या कुणाला माल देतात, हे विचारा. त्याची कारणं शेठ सांगतील तशी कुठला क्लास सांगणार नाही. धंदा काढाल तेव्हा नोकरी लगेच सोडू नका, निदान एक पूर्ण सीझन दोन्ही चालवा. सुरुवात अशा मालाने करा ज्याचे पैसे गिऱ्हाईक आधी किंवा हातोहात देतं.

आम्ही मसाला अजून करतो. माघात ऑर्डर घेतो, निम्मे पैसे आधी, त्यातूनच मिरची येते, आणि चैत्र-वैशाखात डबे घरपोच. देठ खुडायला गल्लीतल्या चार बायका येतात, रोजावर. आई चव बघते आणि त्यांच्यावर ओरडते, तेवढंच.