पंप किती ओढतो ते नको, पिकाला किती लागते ते लिहा

प्रश्न : नदीकाठी आमचे 20 गुंठे कलिंगड आणि 35 नारळ आहेत, दोन्ही ठिबकवर. उपशाच्या परवानगीच्या अर्जात पाण्याची गरज विचारली आहे. 5 अश्वशक्तीचा पंप तासाला 27 हजार लिटर देतो. रोज 6 तास धरून 162 घनमीटर लिहू का?
– एक वाचक, ता. राजापूर

उत्तर : नको. हिशेब पिकाकडून सुरू करा. बाष्पीभवन पात्राची, म्हणजे उघड्यावर ठेवलेल्या मोजणीच्या पात्रातल्या पाण्याची, रोजची घट (मि.मी.) × 0.7 (पात्राचा गुणांक) × पीक गुणांक (पीक आणि त्याच्या वाढीनुसार ठरणारा आकडा), एवढेच सूत्र. तुमच्या भागाच्या नोंदींसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे विचारा. इथे उदाहरणादाखल फेब्रुवारीला 5 आणि एप्रिलला 6 मि.मी. धरू.

कलिंगडाचा वेल फेब्रुवारीत भरात असेल तर गुणांक 1, म्हणजे रोज 3.5 मि.मी. 20 गुंठे म्हणजे 2,023 चौ.मी. आणि एका चौरस मीटरवर 1 मि.मी. म्हणजे 1 लिटर. गुणाकार येतो सुमारे 7,080 लिटर. ठिबकची कार्यक्षमता 90 टक्के धरून 7.9 घनमीटर. पाटाने दिले असते तर 60 टक्क्यांनी हाच आकडा 11.8 झाला असता, म्हणून पद्धत अर्जात स्पष्ट लिहा.

नारळात बहुतेकांची गफलत क्षेत्रात होते. 7.5 मीटरवरच्या लागवडीत माडामागे 56 चौ.मी. जागा पडते, पण ठिबकने भिजते ते आळे. 1.8 मीटर त्रिज्येचे आळे 10.2 चौ.मी. भरते. गुणांक 0.95 धरला की फेब्रुवारीत माडाला साधारण 34 लिटर, एप्रिलमध्ये 41. ठिबकचे तेच 90 टक्के धरून 35 माडांचे फेब्रुवारीत 1.3 घनमीटर, एप्रिलमध्ये 1.6.

तुमचा सर्वाधिक दिवस फेब्रुवारीतला : 9.2 घनमीटर. 162 म्हणजे त्याच्या सतरा-अठरा पट, आणि तुमचा पंप हे पाणी वीस-एकवीस मिनिटांत उचलतो. आकडे महिनावार द्या. कलिंगड मार्चमध्ये निघाले की एप्रिल-मेसाठी फक्त नारळ उरतो. वर्षाचा 3,000 मि.मी. पाऊस यातून वजा करू नका, तो पावसाळ्यात पडून वहाळाने समुद्राला गेलेला असतो. जागा खाडीच्या भरतीच्या टप्प्यात असेल तर एप्रिल-मेमध्ये पाण्याचा खारेपणा तपासून घ्या.

प्रश्न : उन्हाळी भातालाही हेच सूत्र?

उत्तर : हो, पण त्यात झिरपा, म्हणजे खाचरातून जमिनीत मुरणारे पाणी, मिळवा. जांभ्याच्या जमिनीत तो पिकापेक्षाही जास्त पाणी खाऊ शकतो, त्यामुळे पुस्तकातला आकडा न घेता मोजाच. बूड काढलेला पत्र्याचा डबा चिखलणी झालेल्या खाचरात रोपांच्या मधोमध 15 सें.मी. खोल दाबा. शेजारी बूड असलेला डबा ठेवा. दोन्हींत सारखे पाणी भरून आतून खूण करा आणि 24 तासांनी घट मोजा. पहिल्यात 13 मि.मी. आणि दुसऱ्यात 5 उतरले तर झिरपा 8 मि.मी. 10 गुंठ्यांना रोजचे 8 घनमीटर एवढ्यासाठीच. बांधाला खेकड्यांची बिळे असतील तर आधी ती बुजवा.