एका दिवसात लोणार आणि सिंदखेडराजा?

प्रश्न : मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावातून चाळीस जण निघणार. बस कशी ठरवावी, आधी काय पाहावं?

उत्तर : एसटी आगारात 'प्रासंगिक करारा'ची, म्हणजे सहलीसाठी अख्खी बस भाड्यानं घेण्याची, चौकशी करा. सहाला निघून आधी लोणार गाठा. विवराचा व्यास सुमारे 1.8 किमी, उतरणं सोपं, चढताना दम लागतो आणि तिथेच वेळापत्रक कोलमडतं. म्हाताऱ्यांना काठावरूनच सरोवर दाखवा. दैत्यसूदन मंदिराच्या छतावरची शिल्पं अंधारात आहेत, बॅटरी न्याच. सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थळ, लखुजी जाधवांची समाधी पाहायला दोन तास हवेत. घाई करू नका. 12 जानेवारीला जयंतीची प्रचंड गर्दी असते, सहलीसाठी दुसरा दिवस निवडा. गाइड आधीच ठरवा. चाळीस जणांचे दोन गट केले तरच मागच्यांना ऐकू येतं.