देव, राजा आणि जादूगार : तिघांना मिळून एक शब्द

प्रश्न असा आला आहे : एका काल्पनिक जगात अफाट जादूशक्ती असलेली माणसं राज्य करतात आणि प्रजा त्यांना देव मानून पुजते. कादंबरीत त्यांना काय म्हणावं? विचारणाऱ्याने ‘जादूगार-राजा’, ‘महामांत्रिक’ आणि ‘देवराजा’ असे पर्याय दिले आहेत.

मला तिन्ही खटकतात. ‘जादू’ फारसीतून आली आणि तिचं मूळ ‘यातु’ या प्राचीन इराणी शब्दात आहे. हाच ‘यातु’ ऋग्वेदातही आहे. सातव्या मंडलात वसिष्ठ कळवळून म्हणतो, मी यातुधान, म्हणजे काळी जादू करणारा, असेन तर आजच मरून जावं. एवढा भयंकर होता तो शब्द! पण मराठी कानाला आज जादूगार म्हणजे रंगमंचावर पेटी करवतीने कापणारा माणूस, आणि त्याच्यापुढे कोणी लोटांगण घालत नाही. ‘मांत्रिक’ तर अंगारा-उताऱ्यात अडकला. एकाच ‘मंत्र’पासून मंत्रीही झाला आणि मांत्रिकही, एक दरबारात बसला, दुसरा वेशीबाहेर. ‘महा’ लावून तो आत येणार नाही.

‘देवराजा’ची अडचण समासाची आहे. मराठी वाचक तो ‘देवांचा राजा’ असाच सोडवणार, आणि देवांचा राजा म्हणजे इंद्र. कंबोडियात 802 साली दुसऱ्या जयवर्मनाने एका विधीने स्वतःचं चक्रवर्तित्व स्थापलं. त्याची हकिकत सांगणाऱ्या 11व्या शतकातल्या शिलालेखात ‘देवराज’ हाच शब्द आहे, आणि तो देव झालेला राजा की देवांचा राजा, यावर अभ्यासक आजही भांडतात. अभ्यासकांना जो समास सुटत नाही, तो वाचकावर पहिल्याच पानावर टाकू नये. ‘भूदेव’ सुचला असेल तर तोही नको, त्याचा रूढ अर्थ ब्राह्मण आहे.

माझं मत ‘विद्याधर’ला. इथे विद्या म्हणजे शाळेतली नव्हे. आकाशातून जाण्याची, रूप पालटण्याची, अदृश्य होण्याची विद्या. ती ज्याने धारण केली तो विद्याधर. अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोश देवयोनी, म्हणजे देवांच्या जवळचे दैवी वर्ग, मोजताना पहिलं नाव विद्याधराचंच घेतो. 11व्या शतकात सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात तर नरवाहनदत्त हा माणसाच्या पोटी जन्मलेला राजपुत्र विद्या मिळवत मिळवत विद्याधरांचा चक्रवर्ती होतो. माणूस, जादू आणि सिंहासन, तिन्ही एका शब्दात आहेत. शिवाय स्त्रीसाठी ‘विद्याधरी’ हे रूप तयार आहे. आज विद्याधर हे पुरुषाचं नावही आहे, हे खरं. म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा तो अनेकवचनात आणावा : ‘विद्याधरांनी नदी अडवली’. वर्गाचं नाव आहे हे वाचकाला लगेच कळतं.

पण विद्याधर हा वर्ग झाला. त्याला देव मानतात, हे त्या शब्दात येत नाही. ते सर्वनामात येईल, आणि मला खरं तर याच मुद्द्यावर बोलायचं होतं. मराठीत राजाला आपण ‘आपण’ म्हणतो आणि देवाला ‘तू’. हे दोन उद्गार शेजारी ठेवून पाहा :

‘महाराज, आपण पाऊस पाडावा.’
‘देवा, पाऊस पाड रे!’

पहिल्यात भीती आहे, अर्ज आहे. दुसऱ्यात हक्क आहे, गाऱ्हाणं आहे. ज्या प्रजेचा विश्वास नुसता धाकाने आला आहे ती पहिलं वाक्य बोलेल. जी खरोखर भजते ती दुसरं. एखादी म्हातारी सिंहासनासमोर येऊन सरळ ‘तू’ म्हणते आणि दरबारी दचकतात, एवढ्या एका प्रसंगात त्या जगाचा सगळा धर्म दिसेल. दरबाऱ्यांच्या तोंडी मात्र संस्कृत नाटकातलं संबोधन घालता येईल. तिथे राजाला नुसतं ‘देव’ म्हणतात आणि राणीला ‘देवी’ : ‘देव, शत्रू नदी उतरला.’ संबोधन असूनही ‘देवा’ नाही, हे लक्षात ठेवा. त्या एका कान्याने दरबार आणि देऊळ वेगळं होतं.

क्रियापदांचंही तसंच. राजा खूश होतो, देव पावतो. राजा रागावतो, देव कोपतो. राजासाठी देवाची क्रियापदं वापरली की वेगळं विशेषण लागत नाही. आणि एक शब्द दोघांनाही चालतो : कौल. अरबीतून आलेला हा शब्द राज्यकर्त्याच्या अभयपत्रालाही आहे आणि देवाने दिलेल्या उत्तरालाही. म्हणून तुमचे विद्याधर हुकूम सोडत असतील तर ते तसं लिहू नका. ‘विद्याधराने कौल दिला’ असं लिहा.