महागाई 0.25 टक्के, मग तेल महाग आणि सोयाबीन स्वस्त, असं कसं?

तुम्ही विचारलंय की ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाई 0.25 टक्क्यांवर आली होती, तरी सोयाबीन तेल महागच का राहिलं, आणि तेल महाग असताना सोयाबीनला हमीभावही का मिळाला नाही. मी इंदूरच्या छावणी मंडीत एका अडत्याकडे हिशेब बघतो. दुसरा प्रश्न आमच्या रोजच्या कामाचा आहे, म्हणून त्यावरच जास्त लिहितो.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. 0.25 हा आकडा आदल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून येतो. ऑक्टोबर 2024 मध्ये भाज्या 42 टक्क्यांनी वर होत्या, त्या पुढच्या वर्षी कोसळल्या. तेव्हाच्या निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास 46 टक्के होता, त्यामुळे सगळाच आकडा खाली ओढला गेला. तेल मात्र त्यात वरच होतं. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के मूळ आयात शुल्क लावलं, ते मे 2025 अखेरीस 10 टक्क्यांवर आणलं, तरी परदेशातला भाव चढाच राहिला.

आता सोयाबीन. एक क्विंटल दाणा गाळला की तेल निघतं साधारण 18 किलो, आणि 80 किलोच्या आसपास पेंड, जिला आमच्याकडे सगळे डीओसी म्हणतात. म्हणजे प्लांटवाला दाण्याला काय देणार, हे बरंचसं डीओसीच्या भावावर ठरतं. तिथेच घोडं अडलं. मक्यापासून इथेनॉल करणारे कारखाने वाढले, त्यांचा उरलेला चोथा, डीडीजीएस, कोंबडीखाद्यात स्वस्तात जायला लागला आणि डीओसीचा उठाव कमी झाला. तेल तेजीत असूनही दाणा मंदीत, तो यामुळे.

लिलावात हे उघड दिसतं. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, खालचा दाणा काढून दाताखाली धरतो. ओल 12 टक्क्यांच्या वर वाटली की बोली तिथेच उतरते. 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये होता आणि बोल्या चार हजारांच्या आगेमागे. पावसात भिजलेला, डागी माल त्याहून बराच खाली.

मध्य प्रदेश सरकारने 2025 मध्ये भावांतर योजना आणली, म्हणजे हमीभावापेक्षा कमी मिळालं तर फरक शेतकऱ्याला द्यायचा, आणि ती आणली हे चांगलंच केलं. पण फरक मोजला गेला तो हमीभाव आणि सरकारने काढलेला सरासरी मॉडेल भाव यांच्यातला. ज्याचा माल त्या सरासरीच्याही खाली गेला, त्याला फरकाची रक्कम मिळूनही 5328 चा पल्ला गाठता आला नाही. आणि असा माल बहुतेक करून लहान शेतकऱ्याचाच असतो, कारण त्याच्याकडे वाळवायला जागा नाही आणि थांबायला पैसा नाही.

बाजाराच्या बातम्यांत हे येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. अन्नधान्य आणि भाजीपाला स्वस्त झाला, महागाई खाली आली, म्हणूनच रिझर्व्ह बँकेला 2025 मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, 6.5 वरून 5.25 टक्क्यांपर्यंत आणता आला. गृहकर्जाचे हप्ते हलके झाले, शेअर बाजार खूश झाला. एफडीवर घर चालवणाऱ्यांचं व्याज घटलं. इंदूरच्या रामबाग, लोकमान्य नगरातल्या आमच्या पेन्शनर मंडळींना ते चांगलंच जाणवलं. आणि ज्याचा माल स्वस्त झाल्यामुळे हे सगळं शक्य झालं, त्याच्या किसान क्रेडिट कार्डाचा दर रेपोला बांधलेलाच नाही. तीन लाखांपर्यंत 7 टक्के, वेळेत फेडलं तर 4. रेपो 6.5 असताना तोच, 5.25 झाल्यावरही तोच.