सगळं आवरलं, आता काय करू?

"मॅडम, मला आनंद घेताच येत नाही. सगळ्या हसतात, मीही हसते, पण डोक्यात उद्याचं चाललेलं असतं."

नाशिकच्या इंदिरानगरहून आलेल्या एका शिक्षिकाताईंनी समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत हे सांगितलं. ओळख पटू नये म्हणून मी त्यांचे तपशील बदलले आहेत. तक्रार मात्र जशीच्या तशी ठेवली आहे, कारण ती त्यांच्या एकटीची नाही. पन्नाशीच्या आसपासच्या कितीतरी बायका हेच घेऊन येतात, आणि अलीकडे सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले पुरुषही.

ताईंचं वय ५१. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, रोज दिंडोरीच्या बाजूला जाऊन-येऊन. मुलगा पुण्यात नोकरीला लागलेला, मुलीचं लग्न झालेलं. सासूबाईंचं मोठं आजारपण त्यांनी काढलं होतं, त्याही गेल्या. फ्लॅटचा शेवटचा हप्ता फिटला. "सगळं आवरलं की मग बसेन निवांत" असं म्हणत त्यांनी अख्खा संसार केला, आणि आता खरोखरच सगळं आवरलं होतं. रविवारची दुपार रिकामी मिळाली की ताई माळ्यावरचे डबे खाली काढून घासायला बसत.

डी.एड.च्या मैत्रिणींनी मखमलाबाद रस्त्याकडच्या एका मळ्यात मिसळ खायला बोलावलं, तर त्या गेल्या. पापड मोडून तर्रीत बुडवेपर्यंत बरं वाटलं. मग इस्त्रीचे कपडे आठवले, भिजत घातलेली मटकी आठवली. घरी आल्यावर "अर्धा दिवस वाया गेला" म्हणून स्वतःवरच चिडचिड. "माझ्यात काही बिघाड आहे का हो?" असं त्यांनी मला सरळ विचारलं.

हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. एकेकाळी आवडणाऱ्या कशातच गोडी न वाटणं हे नैराश्याचं एक मुख्य लक्षण आहे. ते दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, सोबत झोप-भूक बिघडली, सतत थकवा आला, जगणं नकोसं वाटू लागलं, तर छंद शोधत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास सुरू असते, तिथे मराठीत बोलता येतं. शिवाय थायरॉइड, रक्तातलं लोह, बी-१२ आणि पाळी जाण्याच्या वयातले बदल यांनीही मन मरगळतं. म्हणून ताईंना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, गोळ्या सुरू झाल्या. बाकी ठीक होतं. झोप लागत होती, जेवण जात होतं, वर्गात मुलांसमोर त्या खुलत होत्या. गोडी पूर्ण गेलेली नव्हती, फक्त फुरसतीच्या वेळी ती जवळ येत नव्हती.

मला यात त्यांच्या स्वभावाचा दोष दिसत नाही. आपल्याकडे फुरसत ही काम संपवणाऱ्याला मिळणारी गोष्ट मानली जाते, आणि घरातल्या बाईचं काम संपत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात असं दिसलं. घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांची ८८. जिला लहानपणापासून "रिकामी बसू नकोस" एवढंच ऐकवलं, तिला पन्नाशीला अचानक "आता मजा कर" म्हटलं तर ती कुठून करणार? अमेरिकेत गॅब्रिएला टोनिएटो आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की फुरसतीचा वेळ वाया जातो असं ज्यांना मनातून वाटतं, त्यांना त्या वेळात आनंदही कमी मिळतो आणि मनावरचा ताणही जास्त असतो. ताई नेमक्या यात अडकल्या होत्या.

त्यांची अपेक्षा अशी, की आधी मन मोकळं व्हावं, मग जावं. मी त्यांना उलट करायला सांगितलं. बरेच दिवस न वापरलेल्या हातपंपाला सुरुवातीला नुसतीच हवा येते, तरी दांडा हलवत राहावं लागतं. मानसशास्त्रात याला पद्धतशीर रूप आहे. पीटर लुइन्सन यांनी १९७० च्या दशकात नैराश्यावरच्या उपचारात ते मांडलं: इच्छेची वाट न बघता आनंद देऊ शकणारी छोटी कृती ठरवायची आणि करायची, इच्छा मागून येते. ताईंना शाळेतल्या जुन्या वहीत दोन रकाने आखायला सांगितले. करण्याआधी, "यात मला दहापैकी किती आनंद मिळेल?" आणि करून झाल्यावर, "खरंच किती मिळाला?" त्या शिक्षिका. गुण द्यायचं काम त्यांना लगेच जमलं.

पण करायचं काय? मी विचारलं, "कुणी न सांगता तुम्ही काय करायचात?" बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "फळा."

नोकरीच्या पहिल्या वर्षांत त्या शाळेच्या दर्शनी फळ्यावर रंगीत खडूंनी चित्रं काढत. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, संक्रांत, वटपौर्णिमा. २७ फेब्रुवारीला, म्हणजे मराठी भाषा गौरव दिनी, कुसुमाग्रजांचा चेहरा. नाशिकच्या शाळेत ते चित्र जरा जास्तच जपून काढायचं असतं, कारण बघणाऱ्यांपैकी कुणीतरी तात्यांना, म्हणजे कुसुमाग्रजांना, प्रत्यक्ष पाहिलेलं असतं. हे सांगताना ताई खुर्चीत पुढे सरकल्या. कागदावर आपण सावली काढतो, काळ्या फळ्यावर उजेड काढावा लागतो, असं त्यांनी मला समजावलं. कपाळ, नाकाचा शेंडा, चष्म्याच्या काचेवरची चमक तेवढी काढायची. अंधार फळ्यात असतोच. खडू साखरेच्या पाण्यात भिजवला की रंग उठून दिसतो आणि लगेच झडत नाही. गालाला करंगळी फिरवायची, केसांना खडू आडवा धरायचा. मग फ्लेक्स आले. छापील फलक दोन खिळ्यांवर टांगला की काम झालं. फळा सूचनांपुरता उरला, आणि त्याच सुमारास मुलं लहान, सासूबाई आजारी. कुणी बंद करायला सांगितलं नाही, आपोआपच थांबलं.

मी म्हटलं, घरी एक फळा आणा. पहिला प्रश्न आला, "पण त्याचा उपयोग काय?" दुसरा, "शेवटी पुसायचंच ना?" मला वाटतं, त्यांच्यासाठी खडूचं चित्र फार योग्य होतं ते याच कारणाने. ते उरत नाही, म्हणून त्याचा हिशेब लागत नाही. भिंतीवर लावायचं नाही, विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही.

फळा गॅलरीत टेकवला. पहिल्या रविवारी वहीत आधीचा अंदाज तीन, नंतरचे गुण सात. खाली लिहिलं होतं, "कुकर लावायचा राहिला." मला ते वाक्य वाचून फार बरं वाटलं. कलेत मन रमायला हात सरावलेला असावाच लागतो असंही नाही. २०१६ मध्ये गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं हवं ते घडवू-रंगवू दिलं. सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं संप्रेरक, कमी झालं होतं. आधी कला शिकलेले आणि न शिकलेले यांच्यात त्या बाबतीत फरक दिसला नाही. अभ्यास लहान आहे, पण "मला कुठे येतं काही?" म्हणून मागे सरणाऱ्यांना मी तो आवर्जून सांगते.

मग एक अडचण आली. मुलीने फोटो पाहिला आणि म्हणाली, "आई, इन्स्टाग्रामवर टाक, क्लास घे, लोक पैसे देतील." ताईंनी स्टेटसला चित्र ठेवलं, आणि पुढच्या रविवारी वहीत चार गुण. काढताना सारखं वाटत होतं, की आता हे लोक बघणार. लेकीचं कौतुक खरं होतं, मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण घरातल्या माणसाचा छंद दिसला की लगेच त्याचं दुकान मांडायची घाई आपण करू नये. निदान काही महिने चित्र काढायचं, पुसायचं आणि कुणाला दाखवायचं नाही, असं आम्ही ठरवलं. गुण परत वर गेले.

मैत्रिणींचं कोडं वेगळं होतं. चौदा जणींच्या ग्रुपमध्ये त्यांना करमत नव्हतं, कारण त्या चौदापैकी त्यांना एकीचीच खरी ओढ होती. डी.एड.ला असताना दोघी एकाच डब्यात जेवायच्या. ती आता नाशिकरोडला राहते, म्हणजे त्याच शहरात, पण कित्येक वर्षांत फोन नाही. "आता कुठल्या तोंडाने करू? ती म्हणेल, आत्ताच बरी आठवण झाली." हा अंदाज बहुतेकांचा चुकतो. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवलं, की आपण सहज विचारपूस केली तर समोरच्याला किती बरं वाटेल, याचा अंदाज माणसं प्रत्यक्षापेक्षा कमीच बांधतात. आणि संपर्क अनपेक्षित असेल तर समोरच्याला त्याचं अप्रूप जास्त. ताईंनी माझ्यासमोर नाही, घरी जाऊन फोन केला. मैत्रीण म्हणाली, "अगं, मी तर समजत होते तू माझ्यावर रागावलीस." दोघीही एवढी वर्षं त्याच भीतीने गप्प होत्या.

भेटीची वेळ मी मुद्दाम सैल ठेवायला सांगितली. "शनिवारी बरोबर साडेपाच" असं ठरवलं, की आनंदाचंही काम होऊन बसतं. टोनिएटो आणि सेलिन माल्कोच यांचा २०१६ चा अभ्यास हेच सांगतो, ढोबळ वेळ ठरवली तर तसं होत नाही. शनिवारी सकाळची शाळा, तेव्हा दुपारनंतर कधीतरी, एवढंच. कधी गोदापार्कला फेरी, कधी शालिमारजवळच्या कालिदास कलामंदिरात नाटक, मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला. एकदा दोघी नुसत्याच रामकुंडाजवळ भेळ खात बसल्या. वहीत नऊ.

घरच्यांना मात्र वेगळं भेटावं लागलं. ताईंचे यजमान सज्जन गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, मी तिला कधी नाही म्हटलंय का?" नव्हतंच म्हटलं. पण अडवलं नाही म्हणजे जागा करून दिली असं होत नाही, आणि हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. शनिवारी संध्याकाळची खिचडी त्यांनी करायची असं ठरलं. ती ते करतात. हिंग कुठे, मोहरी कुठे, असं विचारतात. ताईंचा गृहपाठ इतकाच होता, की जागेवरूनच सांगायचं, उठायचं नाही. चित्र काढण्यापेक्षा त्यांना हे अवघड गेलं.

आणि नातेवाईक. ताईंच्या लेखी नातं म्हणजे देणंघेणं: कुणाला किती आहेर, कुणाचा मान राहिला, साखरपुड्याला कोण रुसलं. लग्नात त्या पहिल्या पंगतीपासून वाढायला उभ्या. अशा जागी कुणाला आनंद मिळत नसेल तर नवल नाही. मी सुचवलं, कार्य नसताना जा. त्या निफाडजवळ आत्याकडे गेल्या. दारात बघून आत्याने आधी घाबरून विचारलं, "काय गं, घरी समदं बरं हाय ना?" सहज आले म्हटल्यावरही तिला चहा होईपर्यंत खरं वाटेना.

तिथून पुढे वाळवणाचं निघालं. चुलतबहिणी आणि मावसबहिणी मिळून आत्याच्या अंगणात कुरडया करायच्या. ज्यांना रिकामं बसवत नाही, त्यांना मी अशीच सोबत सुचवते, ज्यात हात गुंतलेले असतात. गहू तीन दिवस भिजवलेले, पहाटे चीक शिजवायचा, सोऱ्या फिरवता फिरवता खांदे भरून येतात, आणि त्या ओघात बहिणी जे बोलतात ते लग्नाच्या मांडवात कधी बोलल्या नसत्या. गरम चीक वाटीत घेऊन तूप-साखर घालून खाल्ला, असं ताईंनी वहीत लिहून आणलं. एका बहिणीने नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच त्याच्याबद्दल हसून काहीतरी सांगितलं, तेही. त्या दिवशी गुणांचे दोन्ही रकाने रिकामे होते. विचारलं तर म्हणाल्या, "राहूनच गेलं."

डबे घासणं अजून सुटलेलं नाही. महिन्यातला एखादा रविवार अजूनही माळ्यावर जातो, आणि त्या तो मला लपवत नाहीत. दिवाळीचा फराळ तर आमच्या बोलण्यातला सगळ्यात अवघड विषय आहे. चकली आणि अनारसे यंदा महिला बचत गटाकडून घ्यायचे, इथपर्यंत त्या आल्या आहेत. करंज्या मात्र घरीच हव्यात म्हणतात, त्याही नाशिकरोडच्या मैत्रिणीला बोलावून, दोघींनी मिळून.