आंब्याच्या पेटीतला वायू लेसरने ‘ऐकता’ येतो?

प्रश्न: कार्बाइडने पिकवलेला हापूस ओळखायला लेसर आणि आवाज वापरतात म्हणे. आमच्या पॅकहाऊसमध्ये जमेल का? इथिलीन मोजायचं का?
– एक बागायतदार, देवगड

उत्तर: इथिलीनच्या मागे लागू नका. तो अढीतला आंबाही पिकताना सोडतोच, आणि पिकवणीसाठी 100 पीपीएमपर्यंत (दहा लाखांत शंभर भाग) त्याला परवानगीही आहे. शोधायचा तो ॲसिटिलीन. कार्बाइडला ओल लागली की तो सुटतो. 1 ग्रॅम शुद्ध कार्बाइडमधून सुमारे 0.38 लिटर. पेटी बंद असताना तो भरपूर सापडेल. उघडून वारा लागला की उरतो तो अगदी थोडा अंश, आणि लेसरची गरज तिथेच.

ॲसिटिलीन 1530.37 नॅनोमीटरला प्रकाश शोषतो, त्यामुळे टेलिकॉममधला डीएफबी (एकाच नेमक्या तरंगलांबीचा) लेसर चालतो. शोषलेल्या प्रकाशाने वायू तापतो, फुगतो, आवाज होतो. प्रकाशातून असा आवाज निघतो हे टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने 1880 मध्येच दाखवलं होतं. ऐकायला घड्याळातला क्वार्ट्झचा चिमटा (इवलासा ट्यूनिंग फोर्क) घ्या, 32,768 हर्ट्झचा, वरची धातूची टोपी काढून. लेसरचा करंट याच्या निम्म्या वारंवारतेने कमीजास्त करा, म्हणजे तरंगलांबीही तशीच हलते. मग शोषणरेषा (वायू शोषतो ती तरंगलांबी) प्रत्येक फेरीत दोनदा ओलांडली जाते आणि आवाज बरोबर चिमट्याच्या सुरात येतो. किरण चिमट्याच्या दोन पात्यांमधल्या 0.3 मिलिमीटर फटीतून कुठेही न घासता जायला हवा. घासला तर वायू नसतानाही सिग्नल दिसतो. नवशिक्यांची निम्मी डोकेदुखी हीच.

दुसरी डोकेदुखी आपल्या दमट, खाऱ्या हवेची. चिमट्याचा सूर जेमतेम 3 हर्ट्झ रुंद असतो. पात्यांवर ओल किंवा मीठ बसलं की सूर सरकतो आणि वायू असूनही आकडा कमी येतो. म्हणून टेफ्लॉनची नळी आणि फिल्टर लावा, सेल (चिमटा बसवलेली डबी) खोलीपेक्षा थोडा गरम ठेवा, प्रत्येक मोजणीआधी सूर तपासा. मोजायचं ते आधी शुद्ध नायट्रोजन, मग 10 पीपीएम ॲसिटिलीनचं प्रमाणित मिश्रण, मग पेटी.

शून्य आलं म्हणून कार्बाइड वापरलंच नाही असं मात्र लिहून देऊ नका.

प्रश्न: चिमट्याऐवजी साधा माइक?
– रत्नागिरी

उत्तर: चालतो. 10 सेंटिमीटरची, दोन्हीकडे उघडी नळी साधारण 1600–1700 हर्ट्झला घुमते. तापमान 1 अंशाने बदललं तर सूर सुमारे 3 हर्ट्झ हलतो, पण इथला सूर रुंद असल्याने निभतं. पंखा, कॉम्प्रेसर आणि पत्र्यावरचा पाऊस मात्र माइक इमानाने ऐकतो.