ग्रीक पुराणकथांतला वीर हर्क्युलिस, त्याला १० कामं दिली होती ना, मग १२ कशी झाली?

मुळात १०च ठरली होती, पण कामं देणाऱ्या राजा युरिस्थियसने दोन बाद केली. पहिलं हायड्रा या अनेक डोक्यांच्या सापाला मारायचं. लेर्नाच्या दलदलीतल्या त्या सापाचं एक डोकं फोडलं की तिथं दोन उगवायची, त्यात एक भला मोठा खेकडा येऊन पायालाच चावायला लागला, शेवटी हर्क्युलिसने पुतण्या आयोलॉसला हाक मारली आणि तो जळत्या लाकडांनी एकेक मान डागत गेला तेव्हा कुठं डोकी यायची थांबली. उरलं अमर डोकं, ते पुरून वर मोठा दगड ठेवला. राजा म्हणाला, मदत घेतलीस, धरणार नाही! मला हा सरळ अन्याय वाटतो. दुसरं ऑजियस नावाच्या राजाचे गोठे साफ करायचं, ते मजुरी ठरवून केलं म्हणून बाद. मग हेस्पेरिडीस या अप्सरांकडची सोनेरी सफरचंदं आणि पाताळातला कुत्रा सर्बेरस आणायचं काम वाढलं.